आधी गेज लावा, मग इंजिन खोला : जुन्या गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या सदरात फक्त इंजिन घेतलं आहे. खान्देशातून आलेल्या पत्रांत जुन्या पद्मिनी आणि अँबेसेडर पुन्हा रस्त्यावर आणू पाहणारे बरेच जण आहेत, आणि जवळपास प्रत्येकाला कोणीतरी 'फुल इंजिन करावं लागेल', म्हणजे पूर्ण खोलून नव्याने बांधावं लागेल, असं सांगून ठेवलेलं आहे. कधीकधी ते खरं असतं. पण तीनेक हजारांच्या आत येणारं कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं), पन्नास-शंभर रुपयांचा फीलर गेज (बारीक फटी मोजणाऱ्या पट्ट्यांचा) आणि एक रविवार खर्च केल्याशिवाय ते मान्य करू नका.

प्रश्न : वडिलांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं उभी आहे. उभी केली तेव्हा व्यवस्थित चालत होती. नवी बॅटरी आणली आहे. सेल्फ मारण्याआधी काय करायचं? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : बॅटरी तूर्तास घरातच राहू द्या. अकरा पावसाळ्यांत सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर उतरून गेलेला असतो. ज्या सिलिंडरचा व्हॉल्व उघडा राहिला, त्यात दमट हवा शिरते आणि रिंगा गंजाने भिंतीला चिकटतात. अशा इंजिनाला सेल्फ मारला की रिंग तुटते, नाहीतर पिस्टनची खाच फुटते. व्हॉल्व गाइडमध्ये अडकला असेल तर पुशरॉड (व्हॉल्व उघडणारी दांडी) वाकतो. म्हणजे चांगल्या इंजिनाचं 'फुल काम' आपणच ओढवून घेतो.

सुरुवात इंजिनाच्या बाहेरून करा. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात आणि सायलेन्सरच्या शेपटीत टॉर्च मारा. शेतातल्या शेडमध्ये कुंभारीण माशी या दोन्ही जागी मातीची घरटी हमखास करते. पेट्रोलची नळी सुटी राहिली असेल तर तिच्यातही. मॅनिफोल्डवर उंदरांनी चिंध्या आणि कडबा रचलेला असतो, तो काढला नाही तर पहिल्याच दिवशी धूर नव्हे, जाळ दिसेल. वायरी कुरतडल्या आहेत का, तेही आत्ताच बघा.

मग चारही प्लग काढा. त्याआधी प्लगभोवतीची धूळ हवेने उडवून टाका, नाहीतर ती सरळ पिस्टनवर जाते. प्रत्येक सिलिंडरमध्ये 30 मिली मिश्रण टाका : निम्मं ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल, निम्मं डिझेल. दोन दिवस तसंच ठेवा. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडलने, किंवा क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून, इंजिन हलवून बघा. पाव फेरा फिरून अडलं तर जोर लावू नका. उलटं थोडं, सुलटं थोडं, असं करत सोडवायचं. अजिबात हललं नाही तर पुन्हा मिश्रण घाला आणि आठवडा जाऊ द्या. पान्यावर लांब पाइप चढवून लटकण्याचा मोह टाळा. टॅपेट कव्हर काढून आठही व्हॉल्व वरखाली होतात का ते बघा; एखादा अडकलेला दिसला तर त्याच्या दांड्यावर तेच मिश्रण सोडा आणि प्लास्टिकच्या हातोडीने हलकेच टोला द्या.

इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरलं, की जुनं ऑइल काढा. दुधाळ निघालं तर आत पाणी गेलं आहे आणि पुढचं सगळं थांबवून हेड गॅस्केटकडे (सिलिंडरच्या ब्लॉकवर हेड बसतं, त्या दोघांमधली सपाट पट्टी) बघायचं. काळं पण स्वच्छ निघालं तर नवं 20डब्ल्यू-50 मिनरल ऑइल भरा. महागडं पातळ सिंथेटिक इथे नको. या इंजिनाचे टॅपेट (पुशरॉड खालून उचलणारे) कॅमवर घासत चालतात आणि त्यांना ऑइलमधलं जस्त-फॉस्फरसचं रसायन लागतं. 5डब्ल्यू-30 सारख्या पातळ ग्रेडमध्ये ते नियमानेच कमी ठेवलेलं असतं, 20डब्ल्यू-50 ला तशी मर्यादा नाही. रॉकर शाफ्टवरही तेलाची धार सोडा.

आता बॅटरी जोडा, पण प्लग बाहेरच आणि कॉइलची वायर काढलेली. सेल्फ दहा सेकंद मारायचा, अर्धा मिनिट थांबायचं. ऑइलचा दिवा विझेपर्यंत हे करा. पाच-सहा वेळा करूनही विझला नाही तर पंप कोरडा पडलाय. ऑइल प्रेशर स्विच काढून त्या भोकातून तेलाच्या डब्याने तेल सोडा आणि पुन्हा फिरवा.

स्पार्क येत नसेल तर कॉइल बदलायची घाई नको. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या पॉइंटवर (डिस्ट्रिब्युटरमधली करंट जोडणारी-तोडणारी टोकं) पांढुरका थर चढतो आणि करंट जातच नाही. बारीक पॉलिश पेपर फिरवा, पेट्रोलच्या चिंधीने पुसा, गॅप 0.45 मिमीच्या आसपास ठेवा. टाकीतलं अकरा वर्षांचं पेट्रोल म्हणजे आता वार्निश. ते वापरूच नका. पंपाची नळी एक लिटर ताज्या पेट्रोलच्या बाटलीत सोडा आणि टाकीचं काम नंतर करा.

चालू झाल्यावर दहा मिनिटं निळा-पांढरा धूर येईल. तो आपणच ओतलेल्या तेलाचा आहे. पाच सेकंदांत ऑइलचा दिवा विझला नाही तर मात्र तिथल्या तिथे बंद करा. आणि कॉम्प्रेशन त्याच दिवशी मोजून निराश होऊ नका. चिकटलेल्या रिंगा मोकळ्या व्हायला वेळ लागतो. ब्रेक नीट करून घ्या, 50-60 किलोमीटर चालवा, मग गेज लावा. पहिल्या दिवशी 70 पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप) दाखवणारा सिलिंडर या धावेनंतर 105 वर आला तर आश्चर्य मानू नका.

प्रश्न : माझी पेट्रोल अँबेसेडर, 1489 सीसी. चढाला दम टाकते, आयडलला थरथरते. गेज लावलं : 118, 64, 60, 121. मिस्तरी म्हणतात रिंगा गेल्या, बोअर करावं (सिलिंडर आतून कापून मोठा करावा) लागेल. खरं का? — एक वाचक, धुळे

उत्तर : तुम्ही आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत. रिंगा झिजतात तेव्हा कमीजास्त चारही सिलिंडरांच्या झिजतात. बाहेरचे दोन ठणठणीत आणि मधले शेजारी-शेजारीचे दोनच निम्म्यावर, हे रिंगांचं लक्षण नाही. दोन आणि तीन नंबरच्या मधली हेड गॅस्केट जळून एका सिलिंडरचा दाब दुसऱ्यात जातोय, हीच शक्यता सगळ्यात मोठी. या इंजिनात पुढून मोजलं तर 1, 4, 5 आणि 8 हे एक्झॉस्ट व्हॉल्व. म्हणजे चौथा आणि पाचवा नेमके दोन-तीनच्या सीमेवर एकमेकांना खेटून बसलेले. हेडमधली सगळ्यात गरम जागा तीच, आणि गॅस्केट मरते तीही बहुधा तिथेच.

खात्री करायला दोन्ही मधल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे 5 मिली, इंजिन ऑइल टाका आणि पुन्हा मोजा. गाडी गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, सहा-सात धक्के. आकडा 95-100 वर उडाला तर दोष रिंगांचा, कारण तेलाने तात्पुरती फट बुजवली. जागचा हलला नाही तर गॅस्केट किंवा व्हॉल्व. थ्रॉटल बंद ठेवून मोजलं तर चांगलं इंजिनसुद्धा 80 दाखवतं. फुल इंजिनचे निम्मे निदान याच चुकीतून होतात.

हेड उतरवताना आधी रेडिएटरचं आणि ब्लॉकचं पाणी पूर्ण काढा. रॉकर शाफ्टच्या ब्रॅकेटचे चार मोठे नट हेच हेडचेही नट आहेत. पाणी असताना ते ढिले केले तर हेड किंचित उचलतं आणि पाणी सिलिंडरमध्ये. सगळे नट थोडे थोडे, कडेकडून मध्याकडे सोडा. पुशरॉड पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा. प्रत्येक रॉड आपल्या टॅपेटबरोबर झिजलेला असतो, अदलाबदल चालत नाही. हेड बिडाचं आहे, जड आहे; दोघांनी उचला.

गॅस्केटचे अवशेष काढायला ग्राइंडरची चकती लावू देऊ नका. तिची भुकटी ऑइलमध्ये उतरते आणि बेअरिंग खाते. पितळी पट्टी आणि सबुरी पुरेशी आहे. मग हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही तिरप्या दिशांनी ठेवून फीलर घाला. 0.05 मिमीपर्यंत वाक असेल तर सोडून द्या. 0.10 च्या पुढे असेल तर लेथवाल्याकडे प्लेन करायला द्या, पण 'लागेल तेवढंच' असं स्पष्ट सांगून. ब्लॉकची वरची बाजूही तपासा, ती कोणीच बघत नाही. गॅस्केटचा जळका पट्टा दोन-तीनच्या मधे दिसला की निदान पक्कं.

हेड हातात आलंच आहे तर व्हॉल्व करून घ्या. लॉक (व्हॉल्वचा दांडा स्प्रिंगला धरून ठेवणारे छोटे तुकडे) काढायला व्हॉल्व लिफ्टर वापरा. व्हॉल्व अर्धा उचलून हलवून बघा. ठळक डुगडुगत असेल तर गाइड बदला, कारण झिजलेल्या गाइडवर केलेलं ग्राइंडिंग महिनाभरही टिकत नाही. जाड पेस्टने सुरुवात, बारीकने शेवट, आणि सीटवर (व्हॉल्व टेकतो ती कड) अखंड करडा पट्टा सुमारे दीड मिमी रुंदीचा. मग व्हॉल्व-स्प्रिंग बसवून पोर्टमध्ये पेट्रोल ओता. पाच मिनिटांत थेंबही झिरपायला नको. लॉकच्या खाली व्हॉल्वच्या दांड्यावर छोटी रबरी रिंग असते, आठही नव्या टाका. स्प्रिंग दाबलेली असतानाच ती सरकवायची. आधीच घालून वरून कॅप दाबली तर कापली जाते, आणि मग 'काम करूनही धूर' ही तक्रार येते.

शिशाचं पेट्रोल देशभरात 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झालं. शिसं एक्झॉस्ट सीटवर मऊ थर धरायचं, तो आता नाही. बिडातच कापलेल्या सीटवर गाडी रोज हायवेला जोरात हाणली तर व्हॉल्व हळूहळू आत बसत जातात आणि टॅपेटची फट आपोआप कमी होते. सीट आधीच खोल गेल्या असतील तर एक्झॉस्टला कडक पोलादी सीट बसवून घ्या. रविवारी गाव फिरण्यापुरती गाडी असेल तर चांगल्या सीट उगाच कापू नका.

नवी गॅस्केट कोरडी बसते, तिच्यावर सिलिकॉन नको. नट मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत : 20, 30, मग 40 फूट-पाउंड, म्हणजे शेवटी साधारण साडेपाच किलोग्रॅम-मीटर. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. 'हाताचा अंदाज' हा टॉर्क नव्हे. पाना भाड्याने मिळतो. इंजिन गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर त्याच क्रमाने पुन्हा कसा, आणि 500 किलोमीटरवर अजून एकदा. दर वेळी हेड कसलं की टॅपेटची फट बदलते, म्हणून टॅपेट शेवटी.

टॅपेटची फट 0.015 इंच, म्हणजे 0.38 मिमी. इथे नऊचा हिशोब सोपा पडतो : जो व्हॉल्व पूर्ण उघडा आहे त्याचा नंबर नवातून वजा करा, येईल तो लावा. आठवा उघडा तर पहिला लावायचा, सहावा उघडा तर तिसरा, चौथा उघडा तर पाचवा, सातवा उघडा तर दुसरा. पुढच्या फेऱ्यात हेच उलटं. दोन फेऱ्यांत आठही होतात.

प्रश्न : इंजिन पूर्ण खोललं आहे. सिलिंडरला वरच्या बाजूला नख अडकेल अशी कड आहे. बोअरिंगवाले म्हणतात 'सरळ वीसचं बोअर मारू, पिस्टन नंतर बघू'. मापं कशी घ्यायची? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : 'पिस्टन नंतर बघू' हे ऐकलं की ब्लॉक उचलून घरी या. जुन्या गाड्यांचे पिस्टन ज्या ओव्हरसाइजमध्ये (मूळ मापापेक्षा मोठ्या मापात) बाजारात खरोखर मिळतात, त्याच मापाचं बोअर करायचं असतं. आधी पिस्टनचा संच हातात घ्या, पेटीवरचा नव्हे तर प्रत्यक्ष पिस्टनचा व्यास मायक्रोमीटरने मोजा, चारही पिस्टन आणि ब्लॉक एकत्र बोअरिंगवाल्याकडे द्या आणि पिस्टनवाल्याने छापलेली फट ठेवून प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनला मापून करायला सांगा. वीसचं, म्हणजे 0.020 इंचाचं बोअर झालं आणि बाजारात फक्त तीसचे पिस्टन निघाले, तर पैसे दोनदा आणि ब्लॉकचं आयुष्य तेवढं कमी.

बोअर करायचंच का, ते डायल बोअर गेज सांगतं. प्रत्येक सिलिंडर तीन उंचीवर मोजा : कडेच्या जरा खाली, मधे आणि तळाशी. प्रत्येक ठिकाणी दोनदा, क्रँकच्या रेषेत आणि तिला काटकोनात. वर-खालचा फरक 0.15 मिमीच्या आत आणि लंबगोलपणा 0.10 च्या आत असेल, ओरखडे नसतील, तर कड रीमरने काढा, हलकं होनिंग (दगडाने आतून बारीक रेघा पाडणं) करा, नव्या स्टँडर्ड रिंगा टाका. हेच मिस्तरींच्या भाषेतलं हाफ इंजिन. कड न काढता नवी रिंग घातली तर तिचा धारदार कोपरा त्या कडेवर आपटतो आणि वरची रिंग किंवा तिच्या खालची पिस्टनची पट्टी तुटते.

रिंगेची फट रिंग सिलिंडरमध्ये घालून, पिस्टनच्या टाळूने सरळ ढकलून मोजायची. 73 मिमी बोअरला 0.25 ते 0.30 मिमी बरी. कमी असेल तर टोक बारीक कानसीने घासा. गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडली की रिंग भिंत सोलते. खूण असलेली बाजू वर, आणि तिन्ही रिंगांच्या फटी एकमेकींपासून 120 अंशांवर.

होनिंगनंतरची धुलाई ही सगळ्या कामातली सगळ्यात दुर्लक्षित पायरी आहे. रॉकेल-डिझेलने दगडाची भुकटी निघत नाही, ती रेघांमध्ये बसून राहते. गरम पाणी, कपड्याची पावडर आणि ब्रश. पांढरी चिंधी फिरवून काळी होणं बंद होईपर्यंत धुवा, लगेच हवेने वाळवा आणि लगेच ऑइल पुसा. दमट दिवशी दहा मिनिटांत तांबूस पापुद्रा धरतो.

क्रँकचं थोडक्यात : जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) लंबगोल किंवा ओरखडलेले असतील तरच ग्राइंडिंग, आणि शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) 10, 20, 30 अंडरसाइजपैकी (इंचाच्या इतक्या हजाराव्या भागांनी लहान जर्नलसाठी) कोणते मिळतात ते बघून. ग्राइंडिंगनंतर क्रँकमधली ऑइलची भोकं तार आणि हवेने साफ करा. चमकणारी भुकटी तिथेच लपते. शेल बसवताना प्लास्टीगेजचा (दाबला की चपटा होणारा, फट मोजायचा) धागा ठेवून कॅप पूर्ण टॉर्कला कसा आणि उघडून चपटा झालेला धागा मोजा. 0.04 ते 0.06 मिमी फट ठीक. कॅपवर आधीच खुणा करा, एकाची कॅप दुसऱ्याला जात नाही. चार पिस्टनची वजनं किराण्याच्या डिजिटल काट्यावर बघा. तीन-चार ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर दुकानदाराला परत करा.

नव्या रिंगांच्या इंजिनाला पहिल्या दिवशी तासभर आयडलवर 'बसू' देण्याची जी पद्धत आहे, ती उलटी आहे. रिंगा दाबाने बसतात, आरामाने नाही. नुसत्या आयडलवर सिलिंडर गुळगुळीत चकाकतो आणि गाडी कायमची ऑइल पिऊ लागते. कॅम-टॅपेट नवे असतील तर पहिली वीस मिनिटं 2000 आरपीएमच्या आसपास. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या ॲक्सिलरेटरने वेग वाढवायचा, सोडायचा, असं दहा-पंधरा वेळा. पहिले 500 किलोमीटर ताशी 60 च्या आत, पण एकाच वेगाने नाही. ऑइल 300 वर एकदा आणि 1500 वर पुन्हा बदला.

प्रश्न : पद्मिनी सपाटीला ठीक चालते. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना उन्हाळ्यात नेमकी उकळते. रेडिएटर नवीन टाकला तरी तेच. — एक वाचक, पाचोरा

उत्तर : मे महिन्यातलं गणित आधी बघा. रेडिएटर उष्णता टाकतो ती पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. पाणी 90 अंश आणि हवा 20 अंश असेल तर फरक 70. तीच हवा 45 असेल तर फरक 45. म्हणजे तोच रेडिएटर हिवाळ्याच्या जेमतेम दोनतृतीयांश काम करतो, आणि वरून घाट. त्यामुळे इतर वेळी लपून राहणारा प्रत्येक छोटा दोष तिथे एकदम बाहेर पडतो.

तुम्ही वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी भरलं असणार. त्यातले क्षार इंजिनाच्या जॅकेटमध्ये भांड्याच्या बुडाला बसतात तसे पांढरे बसतात, आणि नवा रेडिएटर टाकून ते जात नाहीत. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) काढून ठेवा. लिटरला 50 ग्रॅम या प्रमाणात किराणा दुकानातलं लिंबूफूल पाण्यात विरघळवून भरा, इंजिन गरम करून वीस-पंचवीस मिनिटं आयडलवर चालवा, थंड होऊ द्या, ब्लॉकच्या तोटीतूनही काढा. तोटीतून काही आलं नाही तर समजा ती गाळाने बुजली आहे, तार घाला. मग साधं पाणी तीन वेळा. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे बाथरूम धुण्याचं ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा अजिबात नको, तो हेड खातो. लिंबूफूलही रात्रभर आत ठेवू नका. गाळ फारच असेल तर ब्लॉकचे वाटीसारखे वॉटर प्लग ठोकून काढावे लागतात. चौथ्या सिलिंडरच्या मागे चिखल सर्वांत जास्त साचतो, आणि नवे प्लग फार महाग नसतात.

थर्मोस्टॅट काढून फेकू नका. पातेल्यात दोऱ्याने टांगून थर्मामीटर लावून तापवा. त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. रेडिएटरच्या कॅपचं रबर चिरलेलं असेल तर तीच बदला. दर 1 पीएसआय दाबामागे पाण्याचा उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो, आणि सैल कॅप तेवढा दाब सोडून देते. पण मूळ आकड्यापेक्षा जास्त दाबाची कॅप लावली तर हीटरची नळी नाहीतर रेडिएटरची टाकी फुटेल.

पाणी स्वच्छ असूनही उकळत असेल तर टायमिंग बघा. स्पार्क उशिरा पडला की जाळ एक्झॉस्टमध्ये संपतो आणि हेड तापतं. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम डबीच्या नळीतून तोंडाने हवा ओढा. आतली प्लेट हलली नाही तर डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) फाटलाय. फॅन बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यावर सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर दबला पाहिजे.

शेवटी एक भाग कूलंट आणि दोन भाग डिस्टिल्ड पाणी भरा. इकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे अर्धं-अर्धं करण्याची गरज नाही. कूलंट वाढवलं की उष्णता वाहून नेण्याची ताकद उलट घटते. आणि घाटात काटा चढू लागला तर ॲक्सिलरेटर दाबून दुसऱ्या गिअरमध्ये रेटण्याऐवजी जागा बघून थांबा, इंजिन आयडलवर चालू ठेवा, बॉनेट उघडा. कॅपला हात लावू नका.

प्रश्न : आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. जुन्या कार्बोरेटरला काय करावं? — एक वाचक, शिरपूर

उत्तर : रबर आधी. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदला, ज्यांवर आर-9 छापलेलं आहे अशा घ्या. पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरची गॅस्केट-किट नव्या रबरची टाका. जुना डायफ्रॅम फुगतो, मग चिरतो, आणि पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला आणि पातळी वाढलेली दिसली तर हेच. पहिल्या दोन टाक्यांत इथेनॉल जुना चिकटा विरघळवून आणतं, त्यामुळे पारदर्शक फिल्टर लावा आणि एक जास्तीचा गाडीत ठेवा.

दुसरी गोष्ट मिश्रणाची. साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवा 14.7 भाग लागते, या पेट्रोलला सुमारे 13.5. म्हणजे जुन्याच जेटवर (कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) गाडी जवळपास नऊ टक्के 'कोरडी' चालते : थंड असताना अडखळते, प्लग पांढरे पडतात, एक्झॉस्ट तापतो. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 115 ऐवजी 120 टाकला तर भोकाचं क्षेत्रफळ जवळपास नऊ टक्क्यांनी वाढतं. जुन्या जेटला सुई घालून मोठं करण्याचा उद्योग नको, भोक वाकडं होतं आणि परतीचा रस्ता राहत नाही. तुमचा जेट ज्या आकड्याचा असेल त्याच्या एक पायरी वर जा, 20 किलोमीटर चालवा, प्लग फिकट विटकरी रंगावर आले की थांबा. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी गच्च भरून ठेवा. अर्ध्या टाकीतली दमट हवा पाणी देते, इथेनॉल ते शोषतं आणि तळाशी वेगळं होऊन बसतं.

प्रश्न : अँबेसेडरच्या इंजिनाच्या मागच्या बाजूने ऑइल टपकतं. सील बदलून दिलं, तरी थांबत नाही. — एक वाचक, नंदुरबार

उत्तर : जुन्या 1489 सीसी इंजिनाच्या मागच्या टोकाला रबरी सील नसतोच. क्रँकवर उलटे आटे कापलेले असतात, ते ऑइल परत आत ढकलतात. म्हणजे काय बदललं, ते आधी विचारून घ्या. हे आटे इंजिन फिरताना काम करतात, म्हणून बंद केल्यावर दोन-चार थेंब पडणं हा दोष नव्हे. रोज बशीभर पडत असेल तर आधी ब्रीदर पाइप साफ करा. तो बुजला की क्रँककेसमध्ये दाब साचतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून निघतं. त्यानंतर टॅपेट कव्हरचं कॉर्कचं गॅस्केट तपासा. तिथून गळालेलं ऑइल हेडवरून मागे ओघळतं आणि दोष सीलवर येतो. इंजिन डिझेलने धुवा, कोरडं करा, टाल्कम पावडर भुरभुरा आणि दहा मिनिटं चालवा. ओल कुठून सुरू होते ते डोळ्यांना दिसेल.

प्रश्न : 1972 ची अँबेसेडर घेतली. आधीच्या मालकाने मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं होतं. व्हिंटेज नोंदणी मिळेल का? — एक वाचक, रावेर

उत्तर : जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी, व्यावसायिक वापर नसलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज धरली जाते. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. त्यामुळे डिझेल इंजिनासह अर्ज अडण्याचीच शक्यता जास्त. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुनर्नोंदणीला 5,000 रुपये. आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्याचसाठी.

मूळ प्रकारचं पेट्रोल इंजिन शोधत असाल तर पैसे देण्याआधी त्याचे कागद आणि इंजिन नंबर बघा, आणि सध्याच्या आरसी बुकावर कोणतं इंधन, कोणता इंजिन नंबर चढलेला आहे तेही. डिझेलची नोंद कधी केलीच नसेल, असंही होतं. ब्लॉक रंगवायला किंवा सँड ब्लास्टिंगला देण्याआधी नंबरच्या जागेवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या, फोटो काढा आणि त्या जागेवर जाड टेप लावून मगच द्या.